महागडा कॅमेरा राहू द्या, आधी दिवा कुठे ठेवायचा ते शिका!



या आठवड्याच्या व्हिडिओत मी टेबलावर एक तांब्या ठेवला आणि त्याचे चार फोटो काढून दाखवले. फोन तोच, तांब्या तोच, टेबल तेच. फक्त दिवा हलवला. चार फोटो शेजारी शेजारी ठेवले तर कुणालाही वाटेल की ही चार वेगवेगळ्या दुकानांतली भांडी आहेत. असं का होतं आणि आपल्या मालासाठी त्याचा उपयोग कसा करायचा, हे पंधरा मिनिटांच्या व्हिडिओत नीट सांगता येत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बसा.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक ताई यायच्या. तांब्याची, हाताने ठोकलेली भांडी विकायच्या. पुण्याच्या तांबट आळीत ज्याला मठारकाम म्हणतात ते काम. भांड्यावर हातोडीचा एकेक ठोका देत सारखे, छोटे छोटे पैलू पाडायचे. एक भांडं पुरं व्हायला असे शेकडो ठोके लागतात. ताई म्हणाल्या, "सर, फोटो काळपट येतात." मी अगदी आत्मविश्वासाने सांगितलं, "रिंग लाइट घ्या, मागे पांढरा कागद लावा, झालं!"

त्यांनी घेतला. फोटो आले झकपक, उजेडच उजेड. पण तांब्याच्या पोटावर समोरच्या प्रत्येक पैलूत रिंग लाइटची एकेक पांढरी कडी! भांड्याला कांजिण्या आल्यासारखं दिसत होतं. बाकीचा भाग सपाट, कडा पांढऱ्या कागदात विरघळलेल्या. आणि गिऱ्हाइकांचे मेसेज काय, तर "असाच तांब्या बाजारात निम्म्या किमतीत मिळतो. तुमचा एवढा महाग का?"

ताई भाव उतरवायच्या विचारात होत्या. म्हणजे बघा, कारागिराचे हात दुखले, ताईंचे पैसे अडकले आणि माझ्या एका सल्ल्यामुळे ते सगळे ठोके फोटोत पुसले गेले. दोष भांड्यात नव्हता, फोनमध्येही नव्हता. दिवा चुकीच्या जागी होता.

त्या दिवसापासून मी "फोटोत भरपूर उजेड पाहिजे" हे वाक्य शिकवणं बंद केलं. आता मी विचारतो, "या वस्तूची कोणती एक गोष्ट गिऱ्हाइकाला दिसली पाहिजे?" ती गोष्ट आधी ठरवायची. मग ती दिसेल अशा जागी दिवा ठेवायचा. आजचा सगळा धडा एवढाच आहे, पुढचं सगळं त्याचा तपशील.

सावलीला घाबरू नका

आपण मराठीत फोटोला छायाचित्र म्हणतो. छाया म्हणजे सावली! आणि आपले फोटो बघा, सावली दिसली की आपण लगेच दुसरा दिवा लावतो. तीही सावली गेली पाहिजे म्हणून तिसरा. शेवटी वस्तू अशी दिसते की कागदावर चिकटवलीये.

सावलीमुळेच डोळ्याला कळतं की वस्तू गोल आहे की चपटी, खडबडीत आहे की गुळगुळीत. शेत आठवा. नांगरलेलं शेत भर दुपारी बांधावरून बघितलं तर सगळं एकसारखं मातकट दिसतं. तेच शेत संध्याकाळी ऊन तिरपं झालं की बघा, प्रत्येक ढेकळाला सावली पडते आणि तास न् तास मोजता येतो. माती तीच, उन्हाची दिशा बदलली.

आणखी एक उदाहरण. सावळाराम लक्ष्मण हळदणकर या आपल्या सावंतवाडीच्या चित्रकाराचं एक चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, 'ग्लो ऑफ होप'. १९४५-४६ च्या सुमाराचं. बऱ्याच जणांना ते राजा रविवर्म्याचं वाटतं, पण ते हळदणकरांचं आहे आणि जलरंगातलं आहे. एक बाई दिवा घेऊन उभी आहे, वाऱ्याने विझू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा धरलाय. चित्रात बाकी काही नाही. मागे नुसता अंधार. पण दिव्याचा उजेड तिच्या बोटांतून आरपार येतो, बोटांच्या कडा लालसर पेटल्यासारख्या दिसतात, आणि आपली नजर तिथून हलत नाही.

आता कल्पना करा, याच चित्रात मागची भिंत, कोपऱ्यातलं कपाट, खालची फरशी, सगळं लख्ख दिसतंय. बोटांतला तो उजेड कुणी बघितला असता? अंधार होता म्हणून उजेड दिसला. ते चित्र आहे, फोटो नाही, पण तत्त्व तेच. काय दाखवायचं हे ठरवताना काय झाकायचं तेही ठरवावं लागतं.

प्रकाशाला विचारायचे चार प्रश्न

फोटो काढायला बसलात की हे चार प्रश्न क्रमाने विचारा. कुठून येतोय? केवढा आहे? कोणत्या रंगाचा आहे? आणि किती आहे?

१. कुठून येतोय?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

*समोरून*, म्हणजे फोनच्या बाजूने येणारा प्रकाश. फोनचा फ्लॅश आणि रिंग लाइट दोन्ही यातच. सावली वस्तूच्या मागे लपते, त्यामुळे वस्तू सपाट दिसते. छापील डिझाइन, लेबल, मेंदी असं सपाटच काही दाखवायचं असेल तर चालेल. बाकी ठिकाणी टाळा.

*बाजूने* येणारा प्रकाश पोत दाखवतो. विणलेली चादर, लाकडावरचं कोरीवकाम, चामड्याची वीण, मठारकाम, भाकरीचा खरपूस पापुद्रा. प्रकाश जितका खाली आणि तिरपा, तितका पोत उठून दिसतो. पण सावधान! पोताबरोबर ओरखडे आणि धूळही उठून दिसते. आधी वस्तू पुसा.

*मागून* येणारा प्रकाश आरपार जाणाऱ्या वस्तूंसाठी. सरबत, मध, काचेच्या बांगड्या, पापड, पातळ कापड. आणि वाफ! गरम पदार्थाची वाफ समोरच्या उजेडात दिसतच नाही. मागून थोडा उजेड आणि त्याच्याही मागे गडद पडदा असला की पुरणपोळीची वाफ स्पष्ट दिसते.

*वरून* येणारा प्रकाश म्हणजे आपल्या घरातला नेहमीचा दिवा. माणसाच्या डोळ्यांखाली काळं येतं, बरणीच्या झाकणावर उजेड आणि लेबल अंधारात. फोटो काढताना पहिलं काम, वरचा दिवा बंद.

२. केवढा आहे?

दिवा किती वॉटचा, असं मी विचारत नाहीये. वस्तूच्या जागी बसून बघितलं तर तो किती *मोठा* दिसतो, ते विचारतोय.

सूर्य केवढा प्रचंड! पण आपल्यापासून इतका लांब, की आकाशात छोटी टिकली. म्हणून उन्हातली सावली चाकूने कापल्यासारखी धारदार. ढग आले की सगळं ढगाळ आकाशच दिवा होतं, सावली मऊ होते, जवळजवळ नाहीशीच होते. घरातही हेच. नुसता बल्ब लावला तर कडक सावली, त्याच्यापुढे बटर पेपर किंवा पांढरं सुती कापड ताणून धरलं तर तेवढं अख्खं कापड दिवा बनतं आणि सावली मवाळ होते. कापड वस्तूच्या जितकं जवळ आणाल, तितका प्रकाश मऊ.

एक काळजी घ्या, कागद किंवा कापड तापणाऱ्या बल्बला टेकवू नका. एलईडी असला तरी वीतभर अंतर ठेवा.

मऊ प्रकाश चांगला आणि कडक प्रकाश वाईट, असं मात्र काही नाही. लोणच्याच्या बरणीवर कडक ऊन पडलं तर तेल चमकतं, उन्हाळ्याची आठवण येते. बाळाच्या दुपट्याला तेच कडक ऊन बोचरं दिसतं. माल बघून ठरवा.

३. कोणत्या रंगाचा आहे?

इथे पैसे बुडतात! "फोटोत रंग वेगळा होता" म्हणून परत आलेली साडी ज्याने सोसलीये, त्याला मी काय म्हणतोय ते कळेल.

प्रत्येक दिव्याचा स्वतःचा रंग असतो आणि तो केल्व्हिनमध्ये मोजतात. पिवळसर, उबदार बल्ब २७०० ते ३००० केल्व्हिन. दुपारचा सूर्यप्रकाश साधारण ५५००. आपल्याकडे सर्रास मिळणारा पांढरा एलईडी किंवा ट्यूब ६५००, म्हणजे जरा निळसर. आकडा खोक्यावर छापलेला असतो, बघून घ्या.

आपला डोळा हा फरक आपोआप जुळवून घेतो. फोनही प्रयत्न करतो, पण खिडकीचा उजेड एका बाजूने आणि पिवळा बल्ब दुसऱ्या बाजूने असला की त्याचा गोंधळ उडतो. एकाच साडीचा अर्धा भाग निळसर आणि अर्धा पिवळसर. हे नंतर अॅपमध्येही नीट दुरुस्त होत नाही. म्हणून नियम साधा, एका फोटोत एकाच जातीचा दिवा. खिडकी वापरताय? मग घरातले सगळे दिवे बंद.

दिवा विकत घेणार असाल तर सीआरआय नावाचा आकडा बघा. त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं ते माप आहे, शंभरपैकी. कापड, दागिने, खाद्यपदार्थ यांच्यासाठी ९० किंवा त्याच्या वर असलेला घ्या. स्वस्त दिव्यात लाल रंगाची सगळ्यात जास्त वाट लागते, आणि आपला निम्मा माल लालच असतो. कुंकू, मसाला, लोणचं, शालू!

४. किती आहे?

उजेड कमी पडला तर दुसरा दिवा आणायच्या आधी आहे तोच जवळ आणा. छोट्या दिव्याच्या बाबतीत गणित असं, की अंतर निम्मं केलं तर प्रकाश दुप्पट नाही, चौपट होतो. आणि अंतर दुप्पट केलं तर चौथाईच उरतो.

हे गणित फार कामाचं आहे. दिवा वस्तूपासून १ फुटावर ठेवा आणि मागची भिंत दिव्यापासून ४ फुटांवर राहू द्या. भिंतीवर वस्तूच्या सोळाव्या हिश्श्याएवढाच उजेड पोचेल. फोटोत वस्तू उजळ आणि मागे जवळजवळ काळोख. स्वयंपाकघराच्या ओट्यावर काढलेला फोटो स्टुडिओतला वाटतो, तो असा. वस्तू भिंतीला चिकटवून ठेवली की हे जमत नाही. म्हणून टेबल भिंतीपासून ओढा!

सामान काय लागेल?

यादी वाचून हसू येईल. खिडकी किंवा एक टेबल लॅम्प. बटर पेपर किंवा जुनं पांढरं सुती कापड. एक थर्माकोलचा तुकडा. एक काळा कार्डपेपर. कपडे वाळत घालायचे चार चिमटे. स्टेशनरीच्या दुकानात शे-दोनशे रुपयांत बाकीचं सामान येतं.

खिडकी उत्तरेकडची मिळाली तर उत्तम. आपल्या भागात तिथून बहुतेक वर्षभर थेट ऊन येत नाही, त्यामुळे दिवसभर उजेड एकसारखा राहतो. दुसऱ्या दिशेची असेल तर ऊन नसतानाची वेळ निवडा नाहीतर कापड लावा.

थर्माकोल प्रकाश परत फेकतो. खिडकी डावीकडे असेल तर थर्माकोल उजवीकडे उभा करा, सावली फिकी होते. किती फिकी, ते अंतरावर. काळा कार्ड उलटं काम करतो. उजेड *खातो*. सावली अजून गडद पाहिजे असेल तर थर्माकोल काढून तिथे काळा कार्ड ठेवा. दिवे न वाढवता उजेड कमी-जास्त करायचे हे दोन कान आहेत, पिळत राहा.

आता फोन. तीन गोष्टी करा. एक, लेन्स मऊ कापडाने पुसा. खरंच पुसा! तेलकट बोटाच्या ठशामुळे दिव्याभोवती धुकं येतं. दोन, वस्तूवर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड लॉक होतो. तीन, बाजूला सूर्याचं चिन्ह येतं, ते खाली ओढा. काळी पार्श्वभूमी दिसली की फोनला वाटतं अंधार झाला, आणि तो सगळा फोटो उजळवून टाकतो. तुम्ही मुद्दाम केलेला अंधार तो राखाडी करतो. पांढऱ्या वस्तूच्या बाबतीत उलटं होतं, पांढरं कापड मळकट दिसतं. तेव्हा चिन्ह थोडं वर. हल्लीचे फोन एचडीआर आणि नाइट मोडमध्ये सावल्या आपोआप उघडतात. बंद करता येत असेल तर बंद करा.

एलईडीखाली फोटोत आडवे काळे पट्टे येतात ना? आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे साधा दिवा सेकंदाला १०० वेळा मिणमिणतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे बहुतेक वेळा जातात.

माल बघून मांडणी

आता आपल्या मंडळींचाच माल घेऊ.

*कोल्हापुरी चप्पल.* दाखवायचंय काय? वेणी आणि चामड्याचा जाडपणा. प्रकाश बाजूने, अगदी खालून, टाचेच्या उंचीवर. वेणीच्या प्रत्येक पेडाला सावली मिळते. दुसऱ्या बाजूला थर्माकोल लांब ठेवा म्हणजे अंगठा अगदीच अंधारात जाणार नाही. समोरून फ्लॅश मारलेली हाताने शिवलेली चप्पल आणि मशीनची नक्कल फोटोत सारखीच दिसतात. मग गिऱ्हाईक घासाघीस करणारच.

*उडदाचा पापड.* दाखवायचंय किती पातळ लाटलाय ते. एक कच्चा पापड खिडकीसमोर उभा धरा, फोन घराच्या आतल्या बाजूला. उजेड आरपार येतो, मिरीचा दाणा न् दाणा दिसतो. शंभर शब्द लिहून जे पटत नाही ते इथे एका नजरेत पटतं.

*कोकम सरबत.* समोरून उजेड टाकला तर ग्लास काळाच दिसतो. ग्लासच्या मागे, फोनला दिसणार नाही असा, ग्लासच्याच आकारात कापलेला पांढरा कागद उभा करा आणि बाजूच्या-मागच्या अंगाने दिवा त्या कागदावर मारा. कागदावरून परतलेला उजेड सरबतातून येतो आणि तो माणकासारखा लाल रंग दिसायला लागतो. ग्लासच्या कडा पार्श्वभूमीत हरवत असतील तर दोन्ही बाजूंना काळ्या कार्डाच्या पट्ट्या ठेवा, काच त्या काळ्या रेघा उचलते आणि ग्लासला बांध येतो.

*स्टील, पितळ, चांदी.* चकचकीत वस्तू म्हणजे आरसा. तुम्ही भांड्याचा फोटो काढतच नाही, भांड्यात दिसणाऱ्या खोलीचा काढता. तुमचा लाल शर्ट, पंखा, छताची ट्यूब, सगळं त्यात येतं. म्हणून दिवा कुठे ठेवू, याच्या आधी भांड्यात काय *दिसतंय* ते बघा. एका बाजूला मोठं पांढरं कापड दिसू द्या, दुसऱ्या बाजूला काळा कार्ड. पांढऱ्यातून काळ्यात हळूहळू जाणारी छटा आली की धातू धातूसारखा दिसतो. सगळीकडे पांढरंच ठेवलं तर पितळ प्लास्टिकसारखं दिसतं.

*पैठणी.* इथे दोन फोटो लागतात. जर तेव्हाच चमकते जेव्हा तिच्यात खिडकीचं प्रतिबिंब पडतं. पदराला हलकी घडी द्या, मोठ्या खिडकीचा उजेड बाजूने घ्या आणि घडी थोडी थोडी फिरवत बघा. एका कोनात मोर एकदम पेटतो. तिथे थांबा. पण या फोटोत रंग खरा दिसेलच असं नाही. धूपछाव पोत असेल, ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, तर रंग कोनागणिक बदलतोच. म्हणून दुसरा फोटो सपाट पसरून, ऊन नसलेल्या दिवसाउजेडी, कोपऱ्यात एक पांढरा कागद ठेवून. कागद पांढरा दिसला की रंग बरोबर आले असं समजा.

*आकाशकंदील.* दुपारी काढला तर आतला दिवा दिसत नाही, रात्री काढला तर बाकी सगळं काळं आणि कंदील भगभगीत. वेळ एकच, तिन्हीसांजा! सूर्य मावळल्यावर साधारण १५ ते २५ मिनिटांनी आभाळ गडद निळं होतं आणि आभाळाचा उजेड व कंदिलाचा उजेड बरोबरीला येतात. आपल्याकडे हा काळ फार लवकर सरतो. म्हणून कंदील आधीच टांगून, फोन ट्रायपॉडवर लावून तयार राहा. दर दोन मिनिटांनी एक फोटो. त्यातला एखादाच बरोबर लागतो, पण सगळ्या दिवाळीचं काम करतो.

आणि *सावलीचा खेळ.* कोकणातले काजू, आमसुलं, फणसाचं पोळं विकताय? नारळाच्या झावळीची सावली मालावर पडू द्या. थेट ऊन लागेल, कारण सावली रेखीव पाहिजे. झावळी मालाच्या जवळ धरली तर सावली स्पष्ट, लांब नेली तर पुसट. फोटोत झाड नसतानाही कोकण येतो. पण सावली लेबलवर पाडू नका, नाव वाचता आलं पाहिजे. आणि दर फोटोत झावळी नको, नाहीतर सगळ्यांचाच माल एकाच अंगणातला दिसेल.

एक गोष्ट ठामपणे सांगतो

प्रकाश खोटंही बोलू शकतो. फिकट हळद पिवळ्या बल्बखाली अस्सल वाटते. विटलेली जर एका कोनात नवीन दिसते. हे करू नका! नैतिकता बाजूला ठेवली तरी धंद्याचं गणित बसत नाही. एकदा फसलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, आणि येताना नातेवाइकांच्या ग्रुपवर सांगूनच जातं.

माझी पद्धत अशी. प्रत्येक मालाचे किमान तीन फोटो. पहिला *ओळखीचा*, सरळ, मऊ उजेड, खरा रंग. बऱ्याच ऑनलाइन बाजारपेठांत पहिला फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरच लागतो, तो हाच. दुसरा *गुणाचा*, ज्यात तुम्ही ठरवलेली ती एक गोष्ट दिसते. वेणी, पातळपणा, ठोके, चमक. तिसरा *मापाचा*, हातात धरून किंवा शेजारी ओळखीची वस्तू ठेवून. कलात्मक प्रकाशयोजना दुसऱ्या फोटोत मनसोक्त करा. पहिल्या फोटोने विश्वास बसतो, दुसऱ्याने हात खिशाकडे जातो, तिसऱ्याने माल परत येणं टळतं.

ताईंचं पुढे काय झालं?

मी चूक कबूल केली आणि एका रविवारी आम्ही परत फोटो काढले. रिंग लाइट पेटीत गेला. तांब्या खिडकीशेजारी, खिडकीला पांढरी चादर, उजवीकडे काळा कार्ड, टेबल भिंतीपासून चार हात लांब. आता प्रत्येक पैलूला एक उजळ कड आणि एक गडद कड आली. शेकडो ठोके एकेक करून मोजता येतील असे. पहिल्या तासाभरात एकही फोटो धड आला नव्हता, हेही सांगतो. कधी आमचीच डोकी भांड्यात दिसत होती, कधी चादरीची सुरकुती. मग ताईंच्या लक्षात आलं की दिवा हलवण्यापेक्षा भांडं बोटभर फिरवलं की जास्त फरक पडतो. ही युक्ती मी त्यांच्याकडून शिकलो.

फोटो टाकल्यावर ऑर्डरींचा पाऊस वगैरे पडला नाही. असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण चार दिवसांनी ताईंचा फोन आला. म्हणाल्या, "सर, आज एका बाईंनी विचारलं, असा एक तांब्या ठोकायला किती वेळ लागतो? भाव विचारायच्या आधी वेळ विचारला!" भाव त्यांनी उतरवला नाही.

गृहपाठ

तुमच्या मालातली एकच वस्तू घ्या. आधी कागदावर एक वाक्य लिहा, "या वस्तूत मला ______ दाखवायचं आहे." एकच शब्द, दोन नाहीत. मग वरचा दिवा बंद करा, एक खिडकी किंवा एक लॅम्प ठेवा आणि चार फोटो काढा. समोरून, बाजूने, मागून आणि बाजूने पण काळा कार्ड लावून. चारही घरातल्या अशा माणसाला दाखवा ज्याला तुम्ही काय लिहिलंय ते माहीत नाही. विचारा, "या वस्तूत तुला काय दिसतं?" ज्या फोटोवर तो तुमचा शब्द बोलेल, तो फोटो ठेवा. कुठल्याच फोटोवर नाही बोलला, तर दिवा अजून थोडा हलवा.

पुढच्या आठवड्यात याच चार फोटोंपैकी एक घेऊन त्याच्याखाली काय लिहायचं, ते बघू. तोपर्यंत नवीन कॅमेऱ्याचे हप्ते सुरू करू नका!